कर्नलसाहेबांचं आठवं प्रकरण

“तुले गप्प बसता येते का?”

मला पहिली नोकरी मिळाली तेव्हा मुलाखतीत एवढाच एक प्रश्न होता. मी मान डोलावली. समोरच्या बाई खूष झाल्या. “हो म्हनाले बी तोंड नाई उघडलं पोरीनं. उद्यापासून ये.”

त्याआधी मी चार मुलाखतींत नापास झाले होते आणि चारही ठिकाणी कारण एकच होतं: उमेदवार बोलत नाही. तोच दोष इथे पात्रता ठरला. चंद्रपुरातल्या तुकूमहून, बाईंच्या घरून, ऊर्जानगरच्या आमच्या क्वार्टरपर्यंत सायकलने येताना पॉवर स्टेशनच्या राखेचे ट्रक किती गेले ते मला त्या दिवशी कळलंही नाही.

घरी काय सांगायचं ही मात्र पंचाईत होती. वडील पॉवर स्टेशनात होते. त्यांच्या दृष्टीने नोकरी म्हणजे गेटपास, शिफ्ट आणि कंपनीची बस. “एका रिटायर्ड बाईंना इंग्रजी पुस्तकं वाचून दाखवायची आहेत,” असं मी सांगितलं. ते खोटं नव्हतं, फक्त पुरतं खरं नव्हतं. खरं काम होतं गुप्तहेर कादंबऱ्यांसाठी गुप्तचर संस्थांची माहिती काढण्याचं. हे काम मी चार वर्षं केलं. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा सुरू केलं आणि गावात घरोघरी कॉम्प्युटर दिसायला लागले तेव्हा सोडलं. आता लिहायला हरकत नसावी, कारण सुमनबाईंनीच परवानगी दिली आहे. माणसांची नावं, गावं आणि एक वस्तू मात्र मी बदलली आहे.

सुमनबाई चंद्रपूरच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. कानाला हेडफोन लावून त्यांनी पूर्ण नोकरी काढली. “साऱ्या जिल्ह्याचं बोलनं माह्या कानातून गेलं,” त्या म्हणत. “त्यात देशद्रोह एकदा बी नाई निघाला. सारं सासू, सोयरीक अन् तब्येत.” निवृत्त झाल्यावर त्यांनी पहिली गुप्तहेर कादंबरी लिहून नागपूरच्या एका प्रकाशकाकडे स्वतःच्या नावाने पाठवली. ती परत आली. सोबतच्या पत्रात सल्ला होता की बाईंनी कौटुंबिक विषय हाताळावेत. बाईंनी तेच बाड, एक शब्दही न बदलता, एका निवृत्त कर्नलच्या नावाने पुन्हा पाठवलं. पंधरा दिवसांत होकार आला. तेव्हापासून कर्नलसाहेबांची वर्षाला दोन पुस्तकं निघत होती आणि एसटी स्टँडवरच्या स्टॉलपासून तालुक्याच्या वाचनालयापर्यंत जात होती. प्रकाशकाची समजूत अशी की कर्नल फार तऱ्हेवाईक आहेत, कोणाला भेटत नाहीत आणि सगळा व्यवहार त्यांच्या बहिणीमार्फत चालतो. बहीण म्हणजे बाई.

मी रुजू झाले तेव्हा कर्नलची अडचण अशी होती की वाचक हुशार व्हायला लागले होते. एका पुस्तकात गाडी चुकीच्या वेळेला बल्लारशाला पोचली, तर प्रकाशकाकडे पत्रांचा ढीग पडला. बाईंना इंग्रजी वर्तमानपत्र वाचता येई, जाड पुस्तकं मात्र झेपत नसत. मला इंग्रजी यायचं आणि मराठीची भीती वाटायची. आम्ही दोघी मिळून एक पुरता माणूस होत होतो.

हे काम कसं चालतं ते सांगते, कारण लोकांच्या कल्पना भलत्याच असतात. गुप्तचर संस्थांची माहिती मिळवायला गुप्त काहीच करावं लागत नाही. देशाबाहेरचं पाहणारी संस्था वेगळी, देशातलं पाहणारी वेगळी, लष्कराची वेगळी, राज्याच्या पोलिसांची वेगळी. त्यातून निवृत्त झालेले अधिकारी आठवणी लिहितात. ती पुस्तकं मी वाचायची. प्रत्येकाच्या पुस्तकात त्याचं खातं शहाणं असतं आणि शेजारचं खातं मूर्ख. अशी तीन पुस्तकं शेजारी ठेवली की जिथे तिघांची तक्रार एकच असते तिथे खरं सापडतं. तिघांचीही तक्रार होती की ऐन वेळी गाडी मिळत नाही आणि ड्रायव्हर जेवायला गेलेला असतो.

मी हे भीत भीत वाचून दाखवलं. वाटलं, बाई म्हणतील, यात काय थरार आहे?

“थरार मी घालते,” बाई म्हणाल्या. “तू मले कंटाळा आनून दे. फाइल कोन शोधते, चहा कोन आनते, रजेचा अर्ज कोनापाशी जाते. वाचकाले कंटाळा खरा वाटला ना, का मंग बंदूक बी खरी वाटते.”

त्या पुस्तकात ड्रायव्हर जेवायला गेल्यामुळे एक घातपाती निसटला. वाचकांची फार दाद आली.

शब्दांवरून आमचं भांडण होई. हेर लपवून ठेवायच्या घराला इंग्रजीत जे म्हणतात त्याचं मी ‘सुरक्षित निवास’ केलं. बाईंनी कपाळाला हात लावला. “सरकारी विश्रामगृह वाटते ते. आपल्याकडं पोरगं काही करून पळालं का कुठी जाते?” “मामाकडे,” मी म्हटलं. झालं. कर्नलच्या पुस्तकांत तेव्हापासून दिल्लीचे बडे अधिकारीही फोनवर “पाहुण्याला मामाच्या घरी पोचवा” असं सांगायला लागले.

खबरीला गुण देण्याची पद्धतही मी वाचून काढली. खबर आणणारा किती भरवशाचा याला एक गुण आणि खबर किती भरवशाची याला दुसरा. दोन्ही वेगळे, कारण चांगला माणूस चुकीची बातमी आणू शकतो आणि थापाड्या कधीमधी खरं बोलतो. बाईंना हे इतकं आवडलं की महिनाभर त्या शेजारपाजारच्यांना गुण देत होत्या. समोरच्या काकू नळ चारला येणार म्हणून सांगून गेल्या की बाई दार लावून म्हणत, “बाई अव्वल, खबर बोगस.”

त्या सुमारास चौकातल्या अस्लमभाईंनी आपल्या टायपिंग क्लासमध्ये दोन कॉम्प्युटर टाकून इंटरनेट सुरू केलं. कॉम्प्युटरचे पडदे दाराकडे तोंड करून ठेवले होते, म्हणजे मुलींच्या आईवडलांना काळजी नको. मी परदेशातल्या एका गुप्तचर खात्याचं पान उघडलं. त्याचं बोधचिन्ह वरून खाली उतरायला दहा मिनिटं लागली आणि तेवढ्यात ते रस्त्यावरच्या सगळ्यांनी पाहिलं. अस्लमभाई खांद्यामागे येऊन उभे राहिले. “मॅडम, फॉर्म भर रहे क्या?” मला पटकन काही सुचलं नाही, आणि न बोलणं म्हणजे होकार असा त्यांनी अर्थ घेतला. दुसऱ्या आठवड्यात गेले तर त्यांच्या अम्मींनी मला आत बोलावून शिरखुर्मा दिला आणि काळजीने विचारलं, “बेटी, वहाँ लडकियों का होस्टेल है क्या?”

माहिती टिपून ठेवायला एक मोठं रजिस्टर होतं आणि तीन पेनं. ही बाईंची पद्धत. छापलेलं वाचून मिळालं ते निळ्या शाईत. कोणी सांगितलं ते लाल शाईत. आपल्या डोक्यातून निघालं ते हिरव्या शाईत. निळं जसंच्या तसं वापरायचं. लाल कधीही जसंच्या तसं वापरायचं नाही, माणूस, गाव, धंदा सगळं फिरवून घ्यायचं, कारण सांगणाऱ्याला त्रास होता कामा नये. “मी ऐकलेलं कवाच कोनाले सांगतलं नाई. रिटायर झाली म्हनून काय आता सांगू?” हिरव्याचा प्रश्नच नव्हता. जे आपण कल्पनेतून काढलं त्याने कोणाचं काय बिघडणार?

पद्धत उत्तम होती. तिच्यातली फट माझ्याच हातून सापडली.

तिसऱ्या वर्षी बाईंनी ठरवलं की पुढची कादंबरी आपल्याच जंगलात घडवायची. “दिल्ली, काश्मीर लय झालं. आपल्या इथी बी खबरी असतात. सगळ्यात खालचा मानूस कसा काम करते ते पाऊ.” पोलीस ठाण्यात साध्या कपड्यांत फिरून बातमी गोळा करणारा एक माणूस असतो, त्याला गोपनीय अंमलदार म्हणतात. बाईंच्या ओळखीतून मुलचेऱ्याकडच्या एका ठाण्यातले गेडाम हवालदार भेटायला तयार झाले. एसटीने आष्टीपर्यंत, तिथून दुसरी बस. आठवडी बाजाराचा दिवस होता. तिकडे बंगाली वस्त्यांची गावं आहेत, त्यामुळे बाजारात एका बाजूला मोहाच्या टोपल्या आणि दुसऱ्या बाजूला मासे, मुरमुरे आणि बंगालीतला आरडाओरडा.

हवालदार चहाच्या हॉटेलात बाकावर बसले होते. साधा शर्ट, पायात चपला, अगदी कोणाच्या लक्षात येऊ नये असे. येणारा जाणारा प्रत्येक जण त्यांना हाक मारून जात होता.

“राम राम सीआयडी साहेब!”

“काय सीआयडी, आज डुटी इथी काय?”

बाईंना हसू आवरेना. “गेडामभाऊ, तुमी तं गुप्त ना?”

“गुप्तच हाओ ना बाई,” ते म्हणाले. “म्हनून तं वर्दी नाई घातली.” मग त्यांनी समजावून सांगितलं की सगळ्यांना माहीत असण्यात सोय असते. ज्याला काही सांगायचं असतं त्याला शोधत फिरावं लागत नाही. कोणाची कोंबडी गेली, कोणाचा जावई दारू पिऊन आला, हे लोक आपणहून येऊन लिहायला सांगतात. “अन् कामाची खबर?” बाईंनी विचारलं. “ते आपोआप येते,” ते म्हणाले आणि अस्वलाची गोष्ट सांगायला लागले.

तीन तास ते बोलत होते. मी टेबलाच्या कडेला लाल पेन घेऊन बसले होते आणि अस्वल, कोंबडी, जावई एवढंच लिहून झालं होतं. न बोलणाऱ्या माणसाला बघायला भरपूर वेळ असतो. मी बघत होते. त्या तीन तासांत सगळा बाजार हवालदाराशी बोलला. एकच माणूस असा होता की ज्याने त्यांच्याकडे एकदाही मान वळवली नाही. समोर पिंपळाखाली तो किरकोळ वस्तू दुरुस्त करत बसला होता. निघण्याच्या आधी हवालदार उठले, त्याच्याकडे गेले आणि एक वस्तू दुरुस्तीला देऊन दुसरी घेऊन आले. ती वस्तू रेडिओ होती असं आपण समजू. दिला तो रेडिओ गाणं म्हणत होता. चांगला खणखणीत चालू होता. मागचं सेलचं झाकण मात्र चिकटपट्टीने बंद केलेलं होतं आणि परत घेतलेल्या रेडिओलाही तशीच चिकटपट्टी होती.

चालू रेडिओ दुरुस्तीला कोण देतो?

परतीच्या बसमध्ये मी ते लिहायला घेतलं आणि पेनापाशी अडले. हे छापील नव्हतं. कोणी सांगितलेलंही नव्हतं. पाहिलेल्यासाठी आमच्याकडे शाईच नव्हती. बाईंना विचारता आलं असतं, त्या शेजारीच घोरत होत्या. पण विचारणं माझ्या स्वभावात नव्हतं. झाकणाआडून खबर जाते हा अंदाज माझाच आहे, म्हणजे आपलंच डोकं, असं मनाशी म्हणून मी ते हिरव्या शाईत लिहिलं. झाड, चिकटपट्टी, त्या माणसाची बसायची तऱ्हा, सगळं.

बाईंनी ते वाचून मला मिठी मारायचं तेवढं बाकी ठेवलं. “पोरी, तुले लिहिता येते!” आठवं प्रकरण त्यावरच उभं राहिलं. हिरवं होतं म्हणून त्यांनी काही फिरवलं नाही.

बाड नागपूरला गेलं. दिवाळीच्या आधी पुस्तक यायचं होतं. त्याच दिवसांत बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डोळ्याला हिरवी पट्टी लागली. एका सकाळी गेडाम हवालदार कोर्टाच्या कामासाठी चंद्रपूरला आले होते, ते बाईंची विचारपूस करायला घरी आले. बाईंना राहवेना. “भाऊ, तुमच्यामुळं झालं पुस्तक. पोरी, आठवं प्रकरन वाचून दाखव त्याईले.”

मी वाचायला लागले. अस्वल आलं तेव्हा हवालदार मांडीवर थाप मारून हसले. ‘सीआयडी साहेब’ आलं तेव्हा बशीत चहा सांडला. मग झाड आलं आणि रेडिओ आला. मी वाचत होते त्यामुळे वर पाहिलं नाही, पण हसणं थांबलेलं मला कळलं. प्रकरण संपलं. हवालदारांनी कप खाली ठेवला.

“हे कोनं सांगतलं?”

“कोनी नाई,” बाई अभिमानाने म्हणाल्या. “आमची कल्पना. हिरव्या शाईतली.”

“काढा हे, बाई.”

“काऊन?”

“काऊन ते मी नाई सांगू शकत.”

“अवो पन तेच तं सगळ्यात झकास झालं!”

हवालदारांनी नकारार्थी मान हलवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला एकदम सगळं समजलं. त्या वर्षांत त्या भागात अमुक माणूस पोलिसांना खबर देतो एवढा नुसता संशय नक्षलवाद्यांना आला तरी पुरे होतं. तो माणूस पुढच्या बाजाराला दिसला नसता. आणि कर्नलची पुस्तकं मुलचेऱ्याच्या स्टॉलवरही लागत होती. पिंपळ तोच, बाजार तोच, चिकटपट्टी तीच. ओळखायला एक वाचक पुरला असता.

“बाई,” मी म्हटलं, “ती कल्पना नाही. मी ते पाहिलं होतं.”

बाईंनी पट्टीचा चेहरा माझ्याकडे वळवला. “अन् हिरव्यात लिहिलं?”

“पाहिलेल्यासाठी शाई नव्हती.”

मग हवालदार उठले आणि चपला घालता घालता म्हणाले, “मॅडम, तुमच्यापाशी मी तीन तास बोल्लो. त्यातलं एक बी कामाचं नोतं. अन् तुमी एक शब्द बी नाई बोलल्या.” रागावून म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. ते कौतुकाने म्हणाले.

ते गेल्यावर बाईंनी मला चौकातल्या एसटीडी बूथवर नेलं. म्हणजे मी त्यांचा हात धरून त्यांना नेलं. नागपूरच्या छापखान्याशी फोनवर बोलताना बाईंचा आवाज पूर्वीच्या ऑपरेटरसारखा कोरडा झाला. आठवं प्रकरण छापून झालेलं होतं. नशीब एवढंच की ती पानं एकाच फर्म्यात होती, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापल्या जाणाऱ्या सोळा पानांत, आणि परवापासून बांधणी सुरू होणार होती. फर्मा बदलायचा तर तितक्याच ओळींचा नवा मजकूर हवा, नाही तर पुढच्या पानांचे आकडे हलतात.

“मले तं दिसत नाई,” बाई म्हणाल्या. “तू लिही.”

“मी?”

“माह्या डोळ्याले पट्टी हाये. तुह्या डोळ्याले नाई. अन् यावेळी डोकं वापर, डोळे नको वापरू.”

त्या दुपारी मी आयुष्यातली पहिली कल्पना केली. खबरी म्हणून मी एक गावातला जादूगार घेतला. तो टोपीतून कबुतर काढायचा आणि कबुतराच्या पायाला चिठ्ठी असायची. बाजार बदलून यात्रा केली, पिंपळ बदलून तळं केलं. बाई ऐकून म्हणाल्या, “लय भंगार हाये.” मग जरा थांबून म्हणाल्या, “राहू दे. भंगारच पायजे.”

दुसऱ्या दिवशी मी एकटीच नागपूरला गेले. गाडीत मी एकच वाक्य घोकत होते. प्रकाशक ठोंबरेसाहेब गोल, घामेजलेले आणि कर्नलचे निस्सीम भक्त होते. मी घोकलेलं वाक्य म्हटलं: “कर्नलसाहेबांचा निरोप आहे, हा फर्मा रद्द करून हा नवीन छापायचा. कारण सांगता येत नाही.”

याहून वाईट वाक्य मला शोधूनही सापडलं नसतं. ठोंबरेसाहेबांचे डोळे चमकले. त्यांनी दार लावून घेतलं. “म्हणजे ते खरं आहे! मला वाटलंच होतं. वरून दबाव आला ना? अहो, मग कव्हरवर पट्टी मारू, ‘कर्नलला गाळावं लागलेलं प्रकरण’! चार कॉप्या मी कपाटात ठेवतो, पुढे मागे…”

चार मुलाखतींत मी गप्प राहून नापास झाले होते. इथे गप्प राहिले असते तर नापास दुसराच कोणी झाला असता. मी घसा साफ केला आणि आयुष्यात एका दमात बोलले नव्हते तेवढं बोलले.

“नाही हो. दबाव कसला? कर्नलसाहेबांची चूक झाली आहे. त्या मॉडेलच्या रेडिओचे सेल मागून बसतच नाहीत, खालून बसतात. तीन पानं त्या झाकणावर आहेत. त्यांच्या एका मित्राने दाखवून दिलं. मागच्या वेळी गाडीच्या वेळेवरून पत्रं आली होती ती आठवतात ना? रेडिओ तर घरोघरी आहे. त्यांना फार लाज वाटते आहे. हे बाहेर गेलं तर लिहिणंच बंद करीन म्हणतात.”

ठोंबरेसाहेबांचा चेहरा हळूहळू विझला. “एवढंच?”

“एवढंच. झाकण.”

“च्यायला,” ते म्हणाले. गाडीच्या वेळेची पत्रं त्यांना चांगलीच आठवत असणार, कारण त्यांनी नवीन पानं लगेच कंपोझिंगला पाठवली. वाचून मात्र कुरकुरले, “हे कबुतर जरा…”

“साहेबांना कबुतर आवडतं,” मी म्हटलं. एकदा बोलायला लागलं की थांबता येत नाही हे मला त्या दिवशी कळलं.

राहिले छापलेले कागद. रद्द फर्मे रद्दीत जातात, तिथून चिवडेवाल्याकडे आणि तिथून कुठेही. मी आत छापखान्यात गेले. कटिंग मशीनवर एक वयस्कर गृहस्थ होते. यंत्रावर भिंतीला लावलेला फोटो पाहून मी “जय भीम, काका” म्हटलं. “जय भीम, बाळ. काय पाहिजे?” “हे सगळे कागद बारीक कापून पाहिजेत. पट्ट्या. अक्षर लागू नये इतक्या.” काकांनी कारण विचारलं नाही. त्यांनी मला स्टूल दिलं आणि हातातलं काम थांबवून दुपारभर पातं चालवलं. कागदांचे गठ्ठे जात होते, पट्ट्या पडत होत्या आणि मी प्रत्येक गठ्ठा मोजल्यासारखा बघत होते. काकांनी आपल्या डब्यातली अर्धी भाकरही मला दिली.

निघताना ठोंबरेसाहेबांच्या टेबलावर पेपरवेटखाली चौघडी घातलेला एक कागद दिसला. सकाळी तो तिथे नव्हता.

“तोही द्या ना,” मी म्हटलं.

“कोणता? अच्छा, हा. फाइलसाठी ठेवला होता.”

मी हात पुढे करून उभी राहिले. आता मात्र काही बोलले नाही. त्यांनी कागद दिला. “कर्नलच्याच पलटणीतल्या दिसता तुम्ही,” ते म्हणाले. मी तो काकांकडून कापून घेतला आणि स्टेशनवर गेले.

पुस्तक दिवाळीआधी आलं. एक प्रत मी गेडाम हवालदारांना पोस्टाने पाठवली, सोबत चिठ्ठी ठेवली नाही. काय लिहायचं ते सुचत नव्हतं आणि जे विचारायचं होतं ते कागदावर विचारण्यासारखं नव्हतं. रजिस्टरमधलं ते पान मी बाईंच्या समोर चुलीत घातलं. बाईंनी बाजारातून एक काळं पेन आणवलं आणि म्हणाल्या, “पायलेलं यात. अन् काळं कवाच छापाचं नाई.” त्या पेनाने मी पुढे बरंच लिहिलं. ते सगळं तिथेच आहे.

वाचकांची पत्रं यायला लागली. पुस्तक आवडलं, ड्रायव्हर आवडला, मामाचं घर आवडलं. आणि जवळजवळ प्रत्येक पत्रात एक ओळ: आठवं प्रकरण कर्नलसाहेबांनी घरबसल्या लिहिलेलं दिसतं. एका गृहस्थांनी कबुतर किती वजन उचलू शकतं यावर दोन पानं लिहिली होती. बाई ती पत्रं मला मुद्दाम मोठ्याने वाचायला लावत. मला लाज वाटायची, हे खरं. हसूही यायचं. पण मन ठिकाणावर नव्हतं. बाजाराचा दिवस आला की मी विनाकारण घड्याळाकडे बघायची.

संक्रांत होऊन गेल्यावर एक पोस्टकार्ड आलं. शिक्का मुलचेऱ्याचा. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. पोस्टकार्ड म्हणजे वाटेतल्या सगळ्यांनी वाचायची चीज, आणि ते तसंच, सगळ्यांना वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं:

‘प्रति, मा. कर्नलसाहेब. विषय: प्रकरण क्र. ८ बाबत. सदर प्रकरण वाचले. त्यात वर्णन केलेला इसम, तळे अथवा कबुतर आमच्या हद्दीत कोठेही आढळून आले नाही. प्रकरण संपूर्ण खोटे आहे. बाजार नियमित भरत असून सर्व दुकाने जागच्या जागी आहेत. सविनय सादर.’

बाईंचा डोळा तोवर बरा झाला होता, नवा चष्माही आला होता. तरी त्यांनी कार्ड माझ्याकडे परत दिलं आणि म्हणाल्या, “ते दुकानाचं अजून एकदा वाच.”